कॉट नंबर तीन

नव्या पेठेतली खोली, तिसरा मजला, चार कॉट.
दोघी मार्चमध्येच गेल्या, मिळेल त्या एसटीनं,
गाद्या दोरीनं बांधून ठेवून.
मी राहिले, कारण घरी गेले असते
तर परत पाठवलं नसतं.
दैवशालाही राहिली. का, ते मी विचारलं नाही.

अभ्यासिकेला कुलूप. माझी पाण्याची बाटली
आणि पंचायत राजच्या नोट्स आतच अडकलेल्या.
मेसवाले नागनाथमामा दुपारी एकदा
चौकातल्या पत्र्यांच्या पलीकडून डबे द्यायचे.
पैशांचं नंतर बघू, म्हणायचे.
नंतर. त्या वर्षी हा शब्द
ज्याच्या त्याच्या तोंडी.

परीक्षेची तारीख दैवशालानं
भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेली.
ती खोडून दुसरी. मग तिसरी.
खोडून खोडून तिथला रंग गेला,
आतला जुना निळा दिसायला लागला.
पुढं तिनं लिहायचंच सोडलं.
खोडरबर मात्र उशाखाली असायचं.

रात्री झोप नाही, म्हणून ती कलमं म्हणायची.
चौदा, पंधरा, सोळा…
एकवीसला अडायची,
की परत चौदापासून.
शास्त्री रस्त्यानं ॲम्ब्युलन्स गेली
की आम्ही दोघी आवाज विरेपर्यंत
श्वास धरून ठेवायचो, काही न ठरवता.

घरून फोन आला की ती जिन्यात जायची.
"हो, चालूये अभ्यास. हो, जेवले."
डबा तसाच, झाकणाला आतून घाम.
मी बघत होते. केस विंचरणं थांबलेलं,
हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघालेली.
एका संध्याकाळी तिनं आपल्या सगळ्या नोट्स
रद्दीसारख्या नीट बांधल्या
आणि माझ्या कॉटखाली सरकवल्या.
"तुला उपयोगी पडतील."

मी थँक्यू म्हणाले.

आम्हाला शिकवलेलंच तसं.
उत्तर चुकलं तर गुण कापतात,
खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्यायचा.
'तुला काय होतंय?'
हा एवढासा प्रश्न मी अडतीस दिवस
सोडून देत आले होते. गोल कोरा.

अडीचला जाग आली. तिसरी कॉट रिकामी.
वर गच्चीचं दार वाऱ्यानं आपटत होतं.
मी अनवाणी.

ती टाकीला टेकून बसली होती.
लांब पर्वतीवरचे दिवे, अलीकडं सगळं गाव मिटलेलं.
आणि मी विचारलं, इतकं वेडंवाकडं,
की आठवलं तरी अजून लाज वाटते:
"मरायला आलीयेस का गं?"
बराच वेळ गेला.
"माहीत नाही," ती म्हणाली.
"टाकीतलं पाणी ऐकत होते."

खाली येऊन मी ओढणीचं एक टोक
तिच्या मनगटाला बांधलं, दुसरं माझ्या.
"मी काय शेळी आहे का?"
म्हणाली, आणि हसली. ते हसू म्हणण्यासारखं नव्हतं,
पण मी ते हसूच धरलं.

सकाळी मालकीणबाईंना सांगितलं.
वाटलं, खोली सोडा म्हणतील.
करंदीकरकाकूंनी मास्क नाकाखाली ओढून
ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला,
वरणभात वर आणून दिला,
आणि जाताजाता भाड्याचीही आठवण केली.

डॉक्टर मोबाइलच्या पडद्यावर
अडकत अडकत बोलायच्या.
गोळ्या सुरू झाल्या. काही दिवस बरे,
काही अजिबात नाही.
ओढणी जूनभर बांधलेली होती.

परीक्षा पुढच्या वर्षी झाली. माझं झालं नाही.
ती बसलीच नाही. गंगाखेडला असते,
बहिणीच्या झेरॉक्सच्या दुकानात.
कधी फार उशिरा तिचा फोन येतो.
"जागी आहेस?"
मी हो म्हणते, झोपले असले तरी.
मग बोलायला तसं काही नसतं.
तिकडं कूलरचं पाणी ठिबकत असतं,
ते आम्ही दोघी ऐकतो.